अध्यक्षबाईंची आणीबाणी

"ठराव मांडायचाय, की नुसतं बोलायचंय?"

सभेत कुणी उठून उभं राहिलं की बाई हा प्रश्न विचारायच्या. छातीवर उलटं टाचलेलं नर्सचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "नुसतं बोलायचं असलं तर चहा मागवते. ठराव असला तर नको." निम्मे वक्ते तिथेच खाली बसत. उरलेले चहा घेत.

कुवेतमध्ये, मिरकाबला आमच्या दवाखान्याची कर्मचारी वसाहत होती. तीन इमारती, मध्ये अंगण. मी तिथल्या प्रयोगशाळेत होतो. या वसाहतीला स्वतःची घटना होती असं मी सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही, पण होती. तिचे शिल्पकार आमचे व्यवस्थापक, पुण्याचे निवृत्त मेजर. त्यांच्या वाचनात कुठेतरी आलं होतं, की अमेरिकेतल्या काही शहरांत कारभार नेमलेला व्यवस्थापक पाहतो आणि निवडून आलेला महापौर सभा चालवतो, फिती कापतो. मेजरना ही रचना मनापासून पटली. नेमलेले तेच होते ना!

त्यांनी पाच जणांची परिषद काढली आणि त्या पाचांतलाच एक निवडलेला अध्यक्ष ठेवला. उद्घाटनाला नियम त्यांनी स्वतः, परेडच्या मैदानावरच्या आवाजात वाचून दाखवले. त्यात एक वाक्य होतं: आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार अध्यक्षांना राहील आणि परिषदेची सभा भरेपर्यंत व्यवस्थापकासह सर्वांनी त्यांचं ऐकावं. अमेरिकेतून बाकीचं उतरवताना हेही उतरलं होतं. वाक्य भारदस्त होतं, त्यामुळे आम्ही टाळ्या वाजवल्या. मेजरांनीही वाजवल्या.

अध्यक्षपदासाठी डॉक्टरांचं आपसात जमेना, म्हणून मिरजेच्या या सिस्टरना निवडलं. एक डॉक्टर म्हणाले, "फीत कापायला बाई बऱ्या दिसतात."

"होय की," बाई म्हणाल्या. "कात्री हातात धरायची सवय आहे मला. तुम्ही मागता ना थिएटरमध्ये?"

बाईंना अकाली वैधव्य आलं होतं. मुलगी मिरजेला डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला. बाईंचा करार त्या पावसाळ्यानंतर, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यानंतर, संपत होता. इथे पावसाळा कुठला! करार पुढे चालू राहायला मेजरांची शिफारस लागे आणि ती नाही मिळाली तर इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द, सामान बांधा. हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही होतं.

त्या उन्हाळ्यात मेजरांनी अंगणात कारंजं बांधलं. निळ्या टाइल्सचं. दवाखान्याचे मालक काही बड्या पाहुण्यांना घेऊन शनिवारी ते पाहायला येणार होते. बागांना इथे मचूळ पाणी घालतात, पण मचूळ पाण्याने टाइल्सवर मिठाचे पांढरे डाग पडतात. मेजरांचा डागांवर फार राग. तेव्हा त्यांनी गच्चीवरच्या टाक्यांसाठी आलेला गोड्या पाण्याचा टँकर कारंज्यात रिकामा करवला, दुसरा टँकर शनिवारी पाहुणे गेल्यावर यायला सांगितला आणि गुरुवारी दुपारी मालकांच्या मंडळींबरोबर खैरानला समुद्रावर गेले.

शुक्रवारी सकाळी तिन्ही इमारतींचे नळ सुकले. ऑगस्ट महिना. बाहेर हात लावेल ते भाजत होतं. आमच्याकडे सात-आठ घरांत तान्ही मुलं होती, आणि रात्रपाळी करून आलेल्या नर्सा बादल्या घेऊन जिन्यात उभ्या होत्या. आम्ही परिषदेचे सदस्य कारंज्यापाशी जमलो आणि गंभीरपणे पाण्याकडे पाहू लागलो. पाणी सुंदर दिसत होतं.

"मेजर येऊ देत," एक जण म्हणाला.

बाई ड्यूटीवरून आल्या त्या तशाच तिथे. हातातला स्टीलचा ट्रे त्यांनी कठड्यावर दोनदा आपटला. "ऐका सगळ्यांनी. मी अध्यक्ष म्हणून आणीबाणी जाहीर करते."

आमच्यातले औरंगाबादचे भूलतज्ज्ञ दचकले. त्यांचे धाकटे भाऊ त्या शब्दापायी दीड वर्ष नाशिकच्या तुरुंगात काढून नुकतेच कुठे सुटले होते. "सिस्टर, तो शब्द नका हो! तिकडची संपली म्हणून श्वास घेतोय, तर तुम्ही इथे सुरू करताय?"

"माझी पाणी येईपर्यंत, डॉक्टरसाहेब. नळाला धार आली की संपली. कुणाला आत टाकणार नाही, घाबरू नका. तुम्ही फक्त ती बादली धरा."

त्यांनी धरली. नियमाप्रमाणे धरणं भागच होतं. कारंज्यातलं पाणी तान्ह्या मुलांच्या घरी आधी, मग रात्रपाळीवाल्या, मग बाकीचे. स्वतःच्या खोलीत बाईंनी सगळ्यात शेवटी नेलं. पाणी उकळून घ्यायला सांगितलं. मग टँकरवाल्याला फोन लावून, मोडक्या अरबीत आणि न मोडणाऱ्या आवाजात, दुसरा टँकर आजच मागवला. "मुदीर नाही? मग आज मुदीर मी," असं काहीसं त्या म्हणाल्या. व्यवस्थापक म्हणजे मुदीर. संध्याकाळी टँकर आला, टाक्या भरल्या. पहिल्या नळाला धार लागल्याबरोबर बाईंनी अंगणात येऊन पुन्हा ट्रे वाजवला. "आणीबाणी संपली. आता माझं कुणी ऐकायची गरज नाही."

आणि खरोखरच त्या खोलीत जाऊन झोपल्या.

शनिवारी पाहुण्यांनी कोरडं, निळं, अगदी बिनडागी कारंजं पाहिलं. ते गेल्यावर मेजर बाईंच्या दाराशी आले. तोंड तांबडं झालेलं.

"सिस्टर, तुम्हाला हा अधिकार दिला कुणी?"

"तुम्हीच की. मोठ्याने वाचलात."

"ते तसं नव्हतं. त्याचा अर्थ म्हणजे युद्धबिद्ध, भूकंप..."

"बाळाच्या अंगावर घामोळ्यांच्या जखमा झाल्या की तो आईचा भूकंपच असतो, मेजरसाहेब."

मेजर वाईट माणूस नव्हते. फक्त मालकांसमोर त्यांची मान खाली गेली होती, आणि ती वर काढायला त्यांना काहीतरी हवं होतं. त्यांनी निरोप धाडला, की बाईंनी सभेत दिलगिरी व्यक्त केली तर शिफारस होईल. मी मध्यस्थ. मी म्हणालो, "बाई, एक वाक्य आहे. मुलीची अजून तीन वर्षं राहिलीत."

"तिला काय सांगू? आई पाणी वाटलं म्हणून माफी मागून आली?" बाई साडीची घडी घालत होत्या. "मिरजेत दवाखाने काय कमी आहेत? कमी पगारात जगून दाखवीन. तुम्ही त्यांना सांगा, दिलगिरी नाही."

शिफारस झाली नाही. जायच्या आदल्या दिवशी मेजरांनी परिषदेची सभा बोलवायला लावली. विषय एकच: अध्यक्षांचा आणीबाणीचा अधिकार काढून टाकणे. बाईंनी सभा रीतसर चालवली. दोन हात बाजूने वर गेले, विरोधात माझा गेला. उरले औरंगाबादचे डॉक्टर.

"मी या शब्दाला घाबरतो," ते म्हणाले. "पण जाहीर करणाऱ्यानेच त्याच संध्याकाळी संपवलेली आणीबाणी मी दुसरी पाहिली नाही." त्यांनी विरोधात हात वर केला.

दोन विरुद्ध दोन. बरोबरी झाली तर अध्यक्षांचं मत निर्णायक; हेही अमेरिकेहूनच आलं होतं.

"विरोधात," बाई म्हणाल्या. "ठराव फेटाळला."

मेजर उठून उभे राहिले. "सिस्टर, तुम्ही उद्या निघालात. आता तो अधिकार ठेवून तुम्हाला काय मिळणार?"

"मला काही नाही. पण तुमच्या डोक्यावर तो राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने बाई गेल्या. निरोप समारंभ त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे मेजरांचं भाषण वाया गेलं. पुढे मी तिथे बरीच वर्षं होतो. तीन अध्यक्ष झाले, एकानेही तो अधिकार वापरला नाही. वापरायची वेळच आली नाही. दर गुरुवारी खैरानला निघण्याआधी मेजर, पॉलिश केलेल्या बुटांनिशी, लोखंडी शिडीने गच्चीवर चढत, एकेका टाकीचं झाकण उचलत आणि आत डोकं घालून पाणी बघत.