दामिनीने न लावलेली बोली

आरमोरीच्या ढिवर मोहल्ल्यात दामिनीचं नाव काढलं की अजून दोन तोंडं होतात. एक म्हणतं, पोरीनं पत्त्यांवर घराला स्लॅब टाकला. दुसरं म्हणतं, पत्त्यांपायीच बुडाली, तेही बेइमानी करून. दोघांनाही पोकर कशाशी खातात ते माहीत नाही, पण बोलायला कुठे परवाना लागतो? म्हणून झालं ते सरळ सांगितलेलं बरं.

दामिनीची आई कुंता म्हणजे बोडीत, गावच्या तळ्यात, मासे धरून आणि धानाच्या रोवणीला जाऊन जगलेली बाई. बाप लवकर गेला. डिप्लोमा करून दामिनी गडचांदूरला एका सिमेंट कंपनीत ठेकेदाराकडून लागली. काम वजनकाट्यावर. कॅन्टीनमध्ये इंजिनियर लोक फोनवर पोकर खेळायचे, ही मागे उभी राहून बघायची. हातात दोन पत्ते, ते फक्त आपले. टेबलावर पाच, ते सगळ्यांचे. एकेक पत्ता उघडत जातो तशी बोली लागते. महिन्याभरात तिच्या लक्षात आलं की इंजिनियर पत्ते खेळून राहिलेत, खेळायचा असतो तो माणूस. पाण्यावरचे बुडबुडे बघून खाली कोणता मासा आहे ते सांगणाऱ्या बाईची पोर होती ती. कोण घाई करतो, कोण उगाच थांबतो, कोण हरल्यावर चिडून मोठी बोली लावतो, सगळं वहीत लिहायची. २०१९ साली तिनं नोकरी सोडली.

मग सहा वर्षं फोनवर पैसे लावून पोकर, तोच तिचा धंदा. सकाळी नऊला बसायचं, दुपारी जेवायचं, पाचला उठायचं. संध्याकाळी वही. हरलेला डाव का हरला, आणि जिंकलेला फुकट तर नाही जिंकला, दोन्ही लिहायचं. मोहल्ल्यातल्या बाया कुंताला टोचायच्या, "पोरगी दिवसभर पत्ते खेळून राह्यली म्हणे."

"खेळत नाई, काम करते," कुंता म्हणायची. "खेळतात ते तुमचे नवरे, पिपराखाली. तेबी हरतात."

शेजारच्या डोमाभाऊंचा पोरगा सुरेंद्र तेव्हा घरी बसून होता. एक दिवस येऊन दारात उभा राहिला. "ताई, मलेबी शिकव ना." तिनं दोन वर्षं शिकवलं. वह्या दिल्या. त्याच्या चुकांवर त्याच्याहून जास्त ती चिडायची. सख्खा भाऊ नव्हता तिला. बाकी काय ते समजून घ्या.

हे डोमाभाऊ म्हणजे मोहल्ल्याच्या मच्छीमार संस्थेचे तीस वर्षांचे अध्यक्ष. बोडीवर मासे काढायचा दिवस असला की काठावर त्यांचा शब्द चालतो. तिथला एक नियम पोरासोरांनाही पाठ: आपल्या माणसाचं जाळं पाण्यात असेल तर त्याच्यावर आपलं फेकायचं नाही. आपल्या जाळ्यात आलं ते आपलं, त्याच्यापुढचं त्याचं. ज्यानं मोडलं त्यानं जाळं गुंडाळून वर्षभर काठावर बसायचं. डोमाभाऊंनी स्वतःच्या साळ्यालाही बसवलं होतं.

२०२५ च्या ऑगस्टात दिल्लीनं कायदा केला आणि फोनवरचे पैशाचे खेळ एका फटक्यात बंद झाले. कायदा करणाऱ्यांनी कुंताच्या पोरीला विचारलं नव्हतं. कोणत्याच कायद्याच्या वेळी विचारत नाहीत. उरल्या त्या गोव्यातल्या कॅसिनोच्या बोटी. तिला परवडतील अशा स्पर्धा तीन बोटींवर व्हायच्या आणि तिन्ही एकाच मालकाच्या. तिथलं दार बंद झालं तर धंदाच संपला, हे तिला पक्कं माहीत होतं. सुरेंद्रलाही.

डिसेंबरात दोघं नागपूरहून मडगावच्या गाडीत बसले. तीन दिवसांची स्पर्धा, दोनशेवर खेळाडू. शेवटच्या टेबलावर नऊ उरले आणि त्या नवांत आरमोरीच्या एकाच गल्लीतले दोघं. दामिनीपुढे चिप्सचा ढीग होता. सुरेंद्रजवळ मोजक्या.

मधल्या सुट्टीत तो तिच्याजवळ येऊन कठड्याला टेकला.

"ताई, जाळ्यावर जाळं नको टाकू, मायबाई."

"इथी बोडी नाई, सुरेंदर. इथी याले चोरी म्हणतात."

"मले समजते ते. पण आपण तर बोडीचेच आहो ना. एक-दोन नंबर वर गेलो तर बाबाले तोंड दाखवीन."

ती पाण्याकडे वळली. मग म्हणाली, "जाय. चहा पी."

नाही म्हणाली नाही. सुरेंद्रला तेवढं पुरलं.

अर्ध्या तासात तसाच डाव आला. दामिनीच्या हातात दोन राण्या, टेबलावर दोन राण्या. बाकीचे तीन पत्ते असे की त्या टेबलावर चार राण्यांना हरवणारं काही निघूच शकत नव्हतं. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले, समोर राहिला एकटा सुरेंद्र. शेवटच्या टप्प्याला त्यानं टेबलावर बोटं टेकवली, म्हणजे बोली नाही. आता पाळी दामिनीची. तिला त्याची सवय माहीत होती. बोली लावली की हा पत्ते टाकणारा नव्हे, उरलंसुरलं ढकलणार आणि टेबलावरून उठणार. आणि नियम असा, की न हरणारे पत्ते हातात असताना शेवटच्या पाळीला बोली लावावीच लागते. न लावणं म्हणजे समोरच्याला वाचवणं.

दामिनीनं बोटं टेकवली आणि पत्ते उलटले. चारही राण्या टेबलभर दिसल्या. मध्ये जमलेल्या चिप्स तिनं ओढून घेतल्या. आपल्यात आलं ते आपलं. त्याच्यापुढच्या तशाच राहू दिल्या.

टेबलावरचा दिल्लीकडचा एक जाडा माणूस हसला. "वाह, भाई-बहन का प्यार." आणि त्यानं हात वर करून व्यवस्थापकाला बोलावलं.

व्यवस्थापकानं दोघांना बाजूला घेतलं. "आपस में बात हुई थी?"

दामिनीनं सुरेंद्रकडे बघितलं. तिला वाटलं, हा सांगेल. बोलणं मीच काढलं म्हणेल, दोघांना काय व्हायची ती शिक्षा होईल, जाऊ घरी. बोडीवर पकडला गेलेला माणूस स्वतः उठून काठावर जाऊन बसतो, तेच तिनं जन्मभर बघितलेलं.

सुरेंद्र म्हणाला, "इन्होंने बोला था सर. मैंने मना किया था."

तो हिंदीत बोलला. तिच्याकडे न बघता.

दामिनीला स्पर्धेतून काढलं आणि तिन्ही बोटींवर मुदत न ठरवता बंदी घातली. व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, महिन्याभरात त्या मुलाकडून लिहून आणा की बोलणं तुम्ही काढलं नव्हतं, बंदी वर्षावर आणता येईल. पण करार होता असं तुम्हीच कबूल केलं, तर मग कायमची. सुरेंद्र त्या रात्री तिसरा आला. हातात ढाल घेतलेला फोटो आरमोरीच्या प्रत्येक फोनवर फिरला, आणि सोबत हेही फिरलं की दामिनी लबाडी करताना सापडली.

जानेवारीत ती त्याला शोधत गडचांदूरला गेली. तिथं सासऱ्याच्या घराशेजारी त्यानं खोली घेतली होती. त्याच्या बायकोनं, पायलनं, दार उघडून ओठावर बोट ठेवलं. "थांबा ताई, व्हिडिओ सुरू आहे."

आतून आवाज येत होता. "मित्रांनो, समोरच्याचे पत्ते शोधू नका, त्याची घाई शोधा." दामिनीच्या वहीतलं वाक्य. पहिल्याच पानावरचं.

तो बाहेर आला तेव्हा ती म्हणाली, "चांगलं शिकवतं रे."

"तुयंच तर आहे, ताई." तो हसला. त्याला त्यात काही लाजण्यासारखं वाटलं नाही.

"मग दोन ओळी लिहून दे. बोलणं दामिनीनं काढलं नव्हतं, बस."

"ते लिहिलं तर मी बाहेर."

"हो."

"तू समजदार आहेस, ताई. तुले का आहे, एकटा जीव. मले संसार आहे. आत्ता कुठी लोक ओळखून राह्यले."

"कोणाच्या जिवावर?"

सुरेंद्र चिडला. "शिकवलं म्हणून आता जन्मभर तेच काढशील का? एक करू. तू लिहून देत जा, मी बोलतो. येईल त्यातलं अर्धं तुयं."

"पायल," दामिनी म्हणाली, "चहा ठेवू नको."

बस स्टँडवर बसून तिनं फोनवरच अर्ज लिहिला. बोली मी लावली नाही. सुरेंद्र डोमाजी यांनी तशी विनंती केली होती, मी नकार दिला नाही. नियम मला माहीत होता. चूक माझीही आहे. एकदा वाचला आणि पाठवून दिला. न केलेल्या गोष्टीसाठी विनवण्या करत फिरायचा तिचा पिंड नव्हता. केलेल्यासाठी कायमचं बाहेर बसायची तयारी होती.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. तिच्या कबुलीवरून तिची बंदी आता कायमची. दुसऱ्या खेळाडूविरुद्ध पुरेसा पुरावा नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी, पोराकडून अर्जाचं ऐकून, डोमाभाऊ आले. खाटेवर बसले, खांद्यावरचा दुपट्टा बाजूला ठेवला. कुंतानं चहा दिला.

"दामिनी, सुरेंदरचं नाव काऊन लिहिलं?"

"बोलणं त्यानं काढलं होतं, काकाजी. जाळ्यावर जाळं नको टाकू म्हणे."

"तो म्हणते, तू काढलं."

"इचारा त्याले. माह्यासमोर इचारा."

डोमाभाऊंनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठाच असतो.

"काऊन रे, जाळ्याचं तू म्हटलं होतं का तिले?"

"बाबा, तिच्या नादी नका लागू. बोडीचा नियम गोव्यात कोण सांगते? हरलं की माणूस कायबी बोलते."

डोमाभाऊंनी फोन बंद केला. त्यांनी बोडीचं नाव काढलंच नव्हतं. जाळं कशाचं, ते पोरानंच सांगून टाकलं होतं.

"समजलं ना, डोमाभाऊ?" कुंता म्हणाली.

"समजलं, कुंताबाई."

"मंग संस्थेच्या बैठकीत एवढंच सांगा. मोहल्ला माह्या पोरीले चोट्टी म्हणते. तुमचा शब्द कोणी मोडत नाई."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

"तो पुढच्या महिन्यात मले गडचांदूरले नेऊन राह्यला," ते म्हणाले. "मोतीबिंदूचं करायचं आहे. त्याच्याशिवाय मले कोण आहे, बाई."

ते उठले आणि दाराशी गेले. दामिनीनं खाटेवरचा दुपट्टा उचलला.

"काकाजी, दुपट्टा राह्यला."

त्यांनी तो घेतला, पण वर बघितलं नाही.