आक्काच्या घराची वाट

आमच्या गावात तीन आळ्या, एक धक्का आणि एक आक्का. आळ्या खाडीच्या अलीकडे, आक्काचं घर पलीकडच्या वाळूच्या जिभेवर, एकटंच. ओहोटीला मधली वाट उघडी पडते, तेव्हा हातगाडी जाते. भरतीला वाट बुडते. मग टेकडीच्या खडकांवरून वळसा. तिथं रिकाम्या हातानंही दम लागतो.

आक्का माझी थोरली बहीण. विधवा, शिवणकाम करते. तिच्याकडे ब्लाउज टाकायचा तरी आधी समुद्राची परवानगी लागते. गेल्या उधाणात तिच्या परसाची भिंत वाहून गेली, तेव्हा तिच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, तिच्यासाठी शहरात जास्तीची खोली घेतली.

"मामा, आज तिला न्यायचीच."

मी धक्क्यावर हमाली करून निवृत्त झालो. तरी कुणाचं काही हलवायचं असलं की मीच आठवतो.

ओहोटीला गाडी घेऊन गेलो. आक्का एकदाही नको म्हणाली नाही. तिथंच ओळखायला हवं होतं.

शिवणयंत्र, ट्रंक, गाद्या चढवल्या. ती दारातून म्हणाली, "मला काय कळतंय म्हणा, पण गाडी मागं बसलीय."

खरंच बसली होती. ओझं आसावर यायला हवं. सगळं उतरवून पुन्हा भरलं.

"ही गाठ कुणाची रे?" आक्कानं दोरीला हात लावला.

"माझी," भाचा म्हणाला.

"तरीच."

असली गाठ मला बघवत नाही. सोडली, नव्यानं बांधली. मग चहा. मग कात्री सापडेना. ती आक्काच्याच पिशवीत निघाली.

निघालो तेव्हा वाटेवर घोटाभर पाणी, पुढे गुडघाभर.

"ढकला मामा, जाईल!"

"भरलेलं चाक वाळूत रुतलं, तर काढणार कोण? तू?"

गाडी मागे फिरवली. आक्का पायरीवर बसलेली.

"आलात? यंत्र आधी उतरवा. एक बाही राहिलीय."

"आई, तू मुद्दाम केलंस!"

"मी? गाठ तर मामानं सोडली."

सगळं जागच्या जागी ठेवलं. गाडी अंगणात सोडून खडकांवरून निघालो. अर्ध्या चढावर भाचा थांबला, खोलीची किल्ली खिशात टाकली.

"मामा, ही येणार नाही."

"आत्ता कळलं? पुढच्या वेळी दुसरा हमाल बघ."

खालून आक्काची हाक आली, "गाडी न्यायला येशील ना उद्या? येताना पांढऱ्या दोऱ्याची रिळं आण!"