सीटच्या कडेची जाळी

माझी गाडी हायब्रीड आहे आणि म्हातारी आहे. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेत तिचे. सेकंडहँड घेतली तेव्हा पेणमधल्या शेजाऱ्यांनी नाकं मुरडली होती, इंजिनही आणि विजेची मोटारही म्हणजे एका अंगात दोन दुखणी. पण मी रोज पेणहून रोह्याला कंपनीत जातो-येतो आणि गाडीनं कधी तोंड वाकडं केलं नाही. त्याचं श्रेय मी बरीच वर्षं स्वतःकडे घेतलं. खरं म्हणजे ते रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या एका मेकॅनिकचं होतं.

रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीत शिरलं की आतल्या गल्लीत त्याचं घर. घराच्या पडवीतच गॅरेज. आखातात टॅक्सीच्या वर्कशॉपात त्यानं निम्मं आयुष्य काढलं होतं आणि तिथे बहुतेक गाड्या अशाच, त्यामुळे आमच्या भागात हायब्रीडला हात लावायला न घाबरणारा तो एकटाच. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणायचो. इन्व्हर्टरचा कूलंट कधी बदलायचा, डिकीतली छोटी बारा व्होल्टची बॅटरी कधी दगा देणार, हे तो आधीच सांगायचा. अशा गाडीत ब्रेकचं निम्मं काम मोटारच करते. त्यामुळे ब्रेकपॅड झिजत नाहीत, पण आमच्या खाडीच्या हवेत त्यांच्या पिना गंजून बसतात. चाचा दर पावसाळ्याआधी त्या काढून, घासून, ग्रीस लावून परत घालायचा.

आणि दर वेळी एक गोष्ट बजावायचा. मागच्या सीटच्या कडेला तळहाताएवढी जाळी आहे. मोठ्या बॅटरीचा पंखा तिथून हवा ओढतो.

"भाऊ, ही बॅटरी गरमीनं मरते, बाकी कशानं नाय. जाळी महिन्याला साफ करा आणि समोर काय ठेवू नका."

मी व्हय व्हय म्हणायचो. कंपनीत ब्लोअरची फिल्टरं साफ झाली की नाही हे तपासून दर सोमवारी सही करणारा माणूस मीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

माझ्या बायकोचं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. तिच्या भावाचा तिथे गणपतीचा कारखाना आहे आणि ती दर वर्षी अष्टमीत मूर्तींचा स्टॉल लावते. मूर्ती न्यायचं काम माझ्या गाडीचं. मागच्या सीटवर गोधड्या अंथरायच्या, मूर्ती हलू नयेत म्हणून कडेनं कोंबायच्या आणि सावकाश निघायचं. तिच्या माहेरचा एक नेम आहे. पहिली मूर्ती ज्या गोधडीवर बसली ती चतुर्थी होईपर्यंत उचलायची नाही, झटकायची नाही. देवाचं आसन ते. मी एरवी असल्या गोष्टींना नाक मुरडतो, पण हा नेम मात्र मनापासून पाळायचो. आळसाला धर्माची साथ मिळाली की माणूस फार सोवळा होतो.

त्या वर्षी चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी गाडी चाचाकडे सर्व्हिसला नेली. त्यानं दार उघडून मागे पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला.

"जाळी झाकलीय, भाऊ. पण गोधडी तुमच्या देवाची हाय. मी हात नाय लावत. तुम्ही घरी जाऊन सरकवा. आठवणीनं."

मी सरकवली नाही. आठवण होती, तरी सरकवली नाही.

चतुर्थीला चार दिवस असताना, गाडीत अकरा मूर्ती असताना, वाटेत कासू गावाच्या अलीकडे समोर डॅशबोर्डवर धोक्याचा लाल त्रिकोण पेटला. गाडीतला जोर गेला. एसी बंद करून पाहिला, गाडी बंद-चालू करून पाहिली, काही उपयोग नाही. शेवटी मेहुण्याचा टेम्पो बोलावला. भर उन्हात रस्त्याच्या कडेला एकेक मूर्ती उतरवून टेम्पोत चढवताना एका मूर्तीची सोंड दुखावली. ती मूर्ती ज्यांनी ठरवली होती ते स्टॉलवर वाट पाहत होते. बायको त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली आणि माझं डोकं सटकलं.

स्टॉलवर पाच-सहा जण होते, त्यात दोन गाडीवाले. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "चाचानं बॅटरीतली चांगली सेलं काढून जुनी टाकलीत. दहा-बारा दिवसांपूर्वी गाडी त्याच्याकडेच होती."

पुरावा काही नव्हता. मला फक्त कोणाला तरी दोष द्यायचा होता. चाचाच्या जागी माझ्या नात्यागोत्यातला मेकॅनिक असता तर हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघालं असतं का? नसतं निघालं. हे मला तेव्हाही कळत होतं.

गाडी पनवेलला एका वर्कशॉपात नेली. तिथल्या माणसानं जाळी काढली आणि मागून फिल्टर ओढला. फिल्टर कुठे दिसतच नव्हता, नुसता पांढरा थर. प्लॅस्टरची भुकटी, गोधडीचा कापूस आणि मधेमधे सोनेरी चमक. "बॅटरी गुदमरली," तो म्हणाला. मी विचारलं, आतली सेलं कोणी बदललीत का? तो म्हणाला, "ही पेटी कंपनीतून निघाल्यापासून कोणी उघडलेलीच नाही. सील बघा ना."

त्यानं फिल्टर साफ करून गाडी चालू करून दिली. मी तो थर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. का, ते सांगता येत नाही. फेकून देण्याचीही हिंमत झाली नसावी. घरी सांगितलं, वय झालं गाडीचं.

मग मी गप्प राहिलो. दिवाळी गेली, होळी गेली. रोह्यात कानावर यायचं की चाचाकडे आता कोणी चारचाकी नेत नाही, सेलं बदलतो म्हणे. हे "म्हणे" माझ्या तोंडून निघालेलं होतं. मी अष्टमीत शिरायचंच टाळू लागलो.

उन्हाळ्यात बायकोनं गाडी झाडायला घेतली आणि पिशवी तिच्या हाती लागली. तिनं ती उजेडात धरली.

"अहो, हा आमच्या कारखान्यातला सोनेरी रंग हाय. कुठून निघाला?"

मी सांगितलं. तिनं पिशवीला गाठ मारून ती माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "माझ्या स्टॉलवर बोललात ना? तिथंच सांगायला हवं."

मी तसं केलं नाही. मी गेलो चाचाकडे, दुपारच्या वेळी, गल्लीत चिटपाखरू नसताना. पडवीत दोन स्कूटर होत्या, एवढंच. मी सगळं सांगितलं, पिशवी दाखवली, माफी मागितली. त्यानं ऐकून घेतलं. हात पुसले. मग मला गाडीपाशी नेलं, जाळी कशी काढायची, फिल्टर ब्रशनं कसा झाडायचा, परत कसा बसवायचा, हे सगळं माझ्याकडून दोनदा करून घेतलं.

"आता तुम्हाला कोणाकडं जायला नको," तो म्हणाला.

मी परत माफी मागितली. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"भाऊ, मला सांगायला आलात. पण मला तर ठाऊकच होतं, मी काय केलं नाय ते. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगायचं होतं."

त्यानंतर दोन महिन्यांनी तो पुन्हा आखातात गेला. आराम करायच्या वयात.

यंदा स्टॉल लागला तेव्हा मी गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. एकेकाला थांबवून, चूक माझी होती, गोधडी माझी होती, तो माणूस सच्चा होता. मागच्या खेपेचे ते दोघे गाडीवालेही आले. त्यांतल्या एकानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "असेल. माझ्या गाडीचाही तो लाल त्रिकोण पेटतोय आठवडाभर. पण आता दाखवू कोणाला?"

मी त्याला जाळी कशी साफ करायची ते दाखवलं. मला तेवढंच येतं.