धर्मराजने मागे घेतलेली साक्ष

आमच्या बिल्डिंगमध्ये खोटं बोलायचं असेल तर आधी धर्मराज साळवे घरी आहे का ते बघावं लागतं. मागे सोसायटीच्या मीटिंगला बेकायदा ग्रीलचा विषय निघाला. जुईनगरात खिडकीबाहेर ग्रील वाढवून त्यात तुळस, वॉशिंग मशीन आणि जमल्यास पाहुणा न ठेवणारा माणूस मला दाखवा. चेअरमन पंख्याकडे बघत होते, मी माझ्या चपलेकडे. आणि हा उठला. म्हणाला, "माझं बाहेर आलेलं आहे. काढून टाकतो." काढलंही. बाकी सगळ्यांची अजून तशीच आहेत.

माणूस नगरकडचा, आजोबांपासून ख्रिस्ती. राहायला आला त्याच दिवशी मी विचारलं, "ख्रिश्चन आणि नाव धर्मराज? तुमच्यातले जॉन-पीटर संपले काय रे?" तर म्हणतो, "आजीनं ठेवलं. जॉन तिला म्हणता येईना." तेव्हापासून आमचं जमलं.

द्रोणागिरीला एका गोदामात तो सुपरवायझर. सकाळी कंपनीची बस न्यायला येते, रात्री सोडते. रविवारी स्टेशनजवळच्या हॉलमध्ये त्यांच्या मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना असते. तिथं खुर्च्या मांडायला हा सगळ्यांच्या आधी आणि उचलायला सगळ्यांच्या शेवटी. बायको स्मिता पुढच्या रांगेत गाणारी. तिचं हसू दोन मजले खाली ऐकू यायचं. नाताळात तिच्या करंज्यांचं पहिलं ताट आमच्या घरी, कारण पोपटरावांचं तोंड आधी भरलेलं बरं, असं ती माझ्यासमोरच म्हणायची.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. खारघरच्या हॉस्पिटलात किमो सुरू झाली. केस गेले, हसू गेलं, ओकाऱ्यांचे आवाज भिंतीपलीकडून आम्हाला यायला लागले. धर्मराज रजेमागून रजा काढून तिला नेत-आणत राहिला. शेवटी एकदाचा स्कॅन स्वच्छ आला.

त्यांच्यात साक्ष देणं म्हणून एक प्रकार असतो. देवानं आपल्यासाठी काय केलं ते भर सभेत उभं राहून सांगायचं. वार्षिक मेळाव्यात धर्मराजनं साक्ष दिली. मीही होतो. देवासाठी नाही, नंतरच्या प्रीतिभोजनासाठी; मटण चांगलं असतं. हा बोलायला उठला आणि रडायलाच लागला. "गाठ होती. आम्ही गुडघ्यांवर आलो. प्रभूनं हात ठेवला. आज गाठ नाही." बस्स. लोक डोळे पुसत होते. एकानं मोबाईलवर घेतलं आणि ते गावभर फिरलं.

परत येताना मी म्हटलं, "धर्मा, तुझ्या साक्षीत डॉक्टर कुठं गेला रे? सलाईन काय देवदूतानं लावली होती?"

"राहिलंच की ते," तो म्हणाला आणि हसला. त्या दिवशी त्याला सगळंच माफ होतं.

ते राहिलेलं काशीला भोवलं. काशी म्हणजे शेजारच्या गावातली, आमच्या बिल्डिंगखाली मासळी घेऊन बसते. तिच्या गणूला तोच आजार, तेच हॉस्पिटल. तिनं तो व्हिडिओ पाहिला आणि नवऱ्याला उपचार अर्धे सोडून घरी आणलं. मला मांदेली मोजून देताना म्हणते, "पोपटभाव, बायची गाठ निस्त्या देवाच्या नावानं गेली. माज्या गनूला आता कोन टोचनार नाय."

"अगं, तिला किमो झालीये. मी भिंतीपलीकडे राहतो."

"तू नको सांगू. तुज्या तोंडून खरा कदी निंगाला हाय?"

गावभर टवाळी करत फिरायचं फळ. मी धर्मराजला सांगितलं. त्यानंही तिला समजावलं, चार वेळा. ती म्हणायची, तुमी मोठेपना घेत नाय म्हनून बोलता. दर रविवारी गणूला हाताला धरून हॉलमध्ये आणायची आणि स्मिताच्या हाताला हात लावून घ्यायची. समोर धडधाकट बाई उभी असताना दुसरा कसला पुरावा तिला हवा होता?

आणि स्मिताचं पोट पुन्हा दुखायला लागलं. ह्या वेळी गाठ यकृतात होती. डॉक्टरांनी फार काही हातात नाही असं सांगितलं.

धर्मराजनं ते आधी फक्त पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या पाद्रींना, सांगितलं. पाटोळे पाळक माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "साळवे, मंडळी खचून जाईल. जरा थांबा. आपली प्रार्थना अजून संपलेली नाही." मला गेटपाशी गाठून त्यानं विचारलं, मी काय करू. मी म्हटलं, गप बस. माझ्याकडे नेहमी एवढाच सल्ला असतो.

त्याच संध्याकाळी बायकोनं दिलेलं सोलकढीचं पातेलं घेऊन मी त्यांच्या दारात उभा. दार उघडंच. आत स्मिता बोलत होती. पुढं जावं की पळावं, काही कळेना.

"घरात मी आजारी. हॉस्पिटलात आजारी. खाली वाण्याकडे गेले तरी आजारी. त्या हॉलमध्ये तेवढी मी बरी झालेली आहे. ती एक जागा राहू द्या ना मला. फार दिवस नाही लागणार."

"आणि गणू?"

"गणू माझा कोण लागतो?"

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अहो, देवाची सगळी माणसं तुमची," ती म्हणाली. "मग मी कोणाची?"

मी पातेलं उंबऱ्याशी ठेवून मागे फिरलो.

रविवारी मी हॉलमध्ये गेलो. जेवण नव्हतं, तरी गेलो. गाणी झाली. पाळकांनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. धर्मराज उठला. स्मितानं मान खाली घातली नाही, सरळ त्याच्याकडे बघत राहिली.

"मागच्या मेळाव्यात मी इथं साक्ष दिली," तो म्हणाला. "ती अर्धी होती. स्मिताला किमो दिली होती, ते मी सांगितलं नाही. आणि तिचा आजार परत आलाय. ती बरी झालेली नाही. माझ्या बोलण्यावर कोणी औषध सोडलं असेल तर त्यानं उद्याच हॉस्पिटलात जावं. देवाच्या नावावर मी जास्त बोललो."

पाळकांनी पुढचं गाणं सांगितलं. पेटीवाल्यानं सूर धरला, पण गाणारे थोडेच. स्मितानं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं. काशी गणूला उठवून बाहेर घेऊन गेली. तो बिचारा विचारत होता, "काय जाला? काय बोलला तो?"

दुसऱ्या दिवशी काशीनं गणूला खारघरला नेलं. मीच रिक्षा करून दिली. तिथं तपासून सांगितलं, आजार पसरलाय, आता घरीच न्या, दुखलं की गोळी द्या. गणपतीच्या आधी गणू गेला.

धर्मराज त्याच्या दारी गेला. जाऊ नको म्हणून मी सांगितलं होतं, मग मलाही सोबत जावं लागलं. काशी ओसरीवर बायकांत बसली होती. त्याला बघून ती रडायची थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "तू खोटा बोललास तवा तो पेज तरी खात व्हता. तू खरा बोललास आन त्यानं भिंतीकडं तोंड केला. आता तुजा देव कंचा घेऊ मी, पयला का दुसरा?"

दारापुढच्या मंडपात माणसं होती. त्यानं हात जोडले, कडेच्या खुर्चीवर बसला आणि माती होईपर्यंत बसून राहिला. कोणी त्याला चहा विचारला नाही.

मंडळीत कोणी त्याला वाकडं बोललं नाही, हेही खरं. व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवरून काढून टाकला. सभेत बायबलच्या शास्त्रवाचनाला पूर्वी त्याचं नाव असायचं, आता दुसऱ्याचं येतं. नव्यानं आलेल्या काहींनी येणं सोडलं, त्याचं खापर कोणी मोठ्यानं फोडलं नाही, पण फुटायचं ते फुटलं. तो अजून खुर्च्या मांडतो. स्मिता जात नाही. सुरुवातीला बायका फळं घेऊन भेटायला आल्या, तेव्हा तिनं भिंतीकडे वळून झोपल्याचं सोंग केलं. नवऱ्याशी ती पाणी आणि गोळी एवढंच बोलते. तो तिचे पाय चेपतो, ती चेपू देते.

मी रोज सकाळी गेटवर त्याला विचारतो, "कशी आहे रे?" बाकीच्यांनी विचारणं सोडलंय, कारण हा खरं सांगतो.

"खालावतेय."

काल मला राहवलं नाही. "धर्मा, माझ्यापुरतं तरी बरी आहे म्हण. खरं बोलून काय मिळालं तुला? गणू गेला तो गेलाच. बायको बोलत नाही. तुझ्या देवानं काही सांगितलं का, शाब्बास वगैरे?"

"नाही," तो म्हणाला. "काही नाही सांगितलं."

"मग रविवारी जातोस कशाला?"

"खुर्च्या असतात," तो म्हणाला.

कंपनीची बस आली. डबा बगलेत मारून तो चढला आणि खिडकीशी जाऊन बसला.