काशीला नेलेली सनद

गाडी सुटायला अजून पाऊण तास होता, तरी मला उशीर झाला म्हणून कॅप्टनसाहेब पुण्याच्या फलाटावर घड्याळ उघडून उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी टाचा जुळवल्या, घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं आणि माझी वळकटी बघून विचारलं, "एवढंच सामान?" त्यांचे स्वतःचे सात नग होते. सातवा नग म्हणजे एक लाकडी पेटी, पाटापेक्षा मोठी आणि चपटी. ती ते हमालाला देईनात. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. काशीपर्यंत आणि पुढे काशीत ती पेटी मी वाहिली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या सुराचं कोणाला आश्चर्य वाटायला नको.

कॅप्टन फॉन आर्लेनबुर्ग हे प्रशियाच्या लष्करातले निवृत्त अधिकारी. प्रशिया म्हणजे जर्मन मुलखातलं उत्तरेकडचं मोठं राज्य. तिथे म्हणे मूल चालायला लागलं की आधी कवाईत शिकतं. वय बासष्ट, पाठ ताठ, मिशा मेण लावून वळवलेल्या. त्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ योहान तरुणपणी घरात भांडून हिंदुस्थानात आले आणि उत्तरेतल्या एका मराठा सरदाराच्या कंपूत (युरोपियन कवाईत शिकवलेल्या फौजेत) नोकरीला राहिले. त्यांचं पुढे काय झालं कोणाला ठाऊक नाही. त्यांचा एक फ्रेंच सोबती मायदेशी परतताना घरी एक कागद देऊन गेला होता, एवढंच. त्यावर कोणालाही न कळणारी लिपी आणि खाली भला मोठा शिक्का. घरच्यांनी ठरवून टाकलं की ही राजाने दिलेली सनद, आपला योहान तिकडे उमराव झाला. त्यांनी ती काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगली. तीच चौकट आता त्या पेटीत होती. आता कॅप्टनसाहेब आपल्या घराण्याचा ग्रंथ लिहीत होते आणि त्यात त्यांना सनदेचं भाषांतर छापायचं होतं. आमच्या हेडमास्तरांना कोणा गोऱ्या साहेबाची चिठ्ठी आली आणि त्यांनी "आमचे इंग्रजीचे मास्तर जातील की सोबत" असं परस्पर सांगून टाकलं. ते मास्तर म्हणजे मी.

आता मराठा सरदाराच्या पदरचा कागद म्हणजे तो मोडीत असणार, हे कोणीही सांगेल. मोडी वाचण्यात माझा हात धरणारा आमच्या पेठेत कोणी नव्हता. मी पुण्यातच म्हटलं, "साहेब, पेटी उघडा. मी इथेच वाचून दाखवतो, दोघांचाही प्रवास वाचेल."

"मास्टर," ते म्हणाले, "बर्लिनच्या एका प्राध्यापकाने मला सांगितलं आहे, हिंदुस्थानातले जुने लेख फक्त काशीचे पंडित अधिकाराने वाचू शकतात. तुमच्याकडे तो अधिकार नाही."

रजा मंजूर झाली होती, आईने काशीच्या गंगेचं पाणी आणायला तांब्या दिला होता. जायचं तर जाऊ म्हटलं.

ते पहिल्या वर्गात, मी तिसऱ्या. पण सुटका नव्हती. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर ते उतरून माझ्या खिडकीशी येत आणि आपली वंशावळ सांगत. सोळा पिढ्या तोंडपाठ! कोण कोणत्या लढाईत पडला, कोणी कोणत्या घराण्यातली बायको केली, सगळं. शेजारच्या बाकावरचा एक वाणी दर वेळी भक्तिभावाने हात जोडी. त्याला वाटलं, साहेब स्तोत्र म्हणतो आहे. जबलपूर येईपर्यंत मलाही पहिली सहा नावं पाठ झाली होती, आणि ती डोक्यातून जाईनात.

मुगलसराईच्या पुढे पूल लागला आणि डाव्या-उजव्या खिडकीत डोकी खुपसून सगळे "गंगामय्या की जय" ओरडले. नदीच्या वळणावर घाट, त्यावर घरं, देवळांची शिखरं, सगळं सकाळच्या उन्हात पिवळं झालेलं. माझे डोळे भरून आले. मात्र ते पुसायच्या आत स्टेशन आलं आणि पेटीचं दुसरं टोक माझी वाट पाहू लागलं.

कॅप्टनसाहेब छावणीतल्या हॉटेलात उतरले. मी बालाजी घाटावर गोविंदभटांकडे. गोविंदभट म्हणजे आमचे तीर्थोपाध्ये, आमच्या भागातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं चालवणारे. चार पिढ्यांपासून काशीत, घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी, आणि बोलताना दोन्हींची खिचडी. सकाळी कचौडी-जिलबी, दुपारी वरण-भात आणि थंडी असल्यामुळे मधल्या वेळी मलइयो (दुधाचा केशरी फेस, तोंडात घातला की काय खाल्लं तेच कळत नाही). कॅप्टनसाहेबांनी मलइयोचे चार द्रोण खाल्ले आणि त्यात खाण्यासारखं काही नाही म्हणून तक्रार केली.

मग पंडितांची शोधाशोध सुरू झाली. पहिले शास्त्री चौकटीच्या पाठीला चामडं आहे म्हणून तिला शिवेनात. दुसरे लग्नाला परगावी गेले होते, उद्या येतील, असं आम्हांला दोन दिवस सांगण्यात आलं. गल्ल्यांतून पेटी आडवी जाईना, उभी धरली तर मला पुढचं दिसेना. एका वळणावर बैल बसला होता. कॅप्टनसाहेबांनी त्याला जर्मन भाषेत बाजूला व्हायला सांगितलं. बैलाने ऐकलं नाही, आम्ही मागे फिरलो. तिसऱ्या दिवशी संकठा घाटाच्या वरच्या अंगाला एक वृद्ध शास्त्री भेटले. कॅप्टनसाहेबांनी आपल्या हाताने पेटीचे आठ स्क्रू काढले, फडकं बाजूला केलं आणि सलाम ठोकून उभे राहिले.

शास्त्रीबुवांनी काचेवर नाक टेकवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही तर मोडी आहे. मला नाही येत पढायला. तुम्ही पुण्याचे ना? तुम्हीच वाचा की!"

इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. शेकडो कोस, तीन दिवस, दोन्ही खांदे सोलवटलेले! मी खाली बसलो आणि वाचायला लागलो.

ती सनद नव्हती. ते एका बाईचं पत्र होतं, कोणा कारकुनाकडून लिहवून घेतलेलं. दिराला, म्हणजे कॅप्टनसाहेबांच्या आजोबांना, आशीर्वाद लिहून तिने कळवलं होतं: 'तुमचे वडील बंधू काशीस वारले. चिरंजीव सदाशिव सात वर्षांचा आहे. पितृपक्षात पान मांडावे तर भटजी त्याच्या आज्याचे व पणज्याचे नाव विचारतात. ती आम्हांस ठाऊक नाहीत. दोन नावे तेवढी लिहून पाठवावी. दुसरे काही मागणे नाही.'

श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं लागतात, बाप, आजा, पणजा, हे मी कॅप्टनसाहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

"जहागीर कुठे आहे?"

"नाही."

"उमरावकी?"

"नाही. शिक्का योहानसाहेबांचा स्वतःचा, नोकरीतला. बाईंनी तो पत्रावर उठवला, दुसरं काय करणार?"

"तुम्ही खोटं वाचता आहात," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी ही सनद मानली. माझ्या वडिलांनी मानली."

मग माझा तोल गेला. "तुमच्याकडे सोळा नावं होती!" मी ओरडलो. "पुण्यापासून ऐकतो आहे मी. तिने दोन मागितली होती, साहेब, फक्त दोन. आणि तुम्ही तिचं पत्र भिंतीला टांगलंत!"

शास्त्रीबुवा उठून आत गेले. कॅप्टनसाहेबांनी स्क्रू पुन्हा बसवले, एकेक, आठच्या आठ, आणि पेटी एकट्याने उचलून चालू लागले. मी बालाजी घाटावर परत आलो. आपण म्हाताऱ्या माणसावर ओरडलो याची लाज वाटत होती, आणि राग तर तसाच होता. धड जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदभटांच्या दारात कॅप्टनसाहेब उभे. एकटेच गल्ल्या शोधत आले होते, एका बुटाला शेण लागलं होतं. त्यांनी टाचा जुळवल्या नाहीत.

"ती दोन नावं," ते म्हणाले, "कुठे द्यायची असतात?"

मी गोविंदभटांना सगळी हकीकत सांगितली. ते ऐकता ऐकताच उठले आणि आतून एक लांबट वही घेऊन आले. या वह्यांत उपाध्ये लोक यजमानांच्या पिढ्या लिहून ठेवतात. त्यांनी पानं उलटली आणि बोट ठेवलं. "हे बघा. सदाशिव, बाप योहानसाहेब. आमच्या आज्याच्या हातचं आहे. पुढे दोन नावांची जागा खाली सोडली आहे. म्हणाले असतील, कधी तरी कळेल."

"मग श्राद्ध कसं चालवलंत इतकी वर्षं?"

"नाव मालूम नसलं तर काय म्हणायचं ते शास्त्रात आहे. काम अडत नाही. पण सदाशिवकाकांना ते बिलकुल पसंत नाही. दर साली माझ्याशी भांडतात."

"भांडतात? म्हणजे आहेत?"

"आहेत ना! रामनगरात. ऐंशीच्या वर गेले. कानाने कमी, बाकी ठीक."

मी कॅप्टनसाहेबांना हे इंग्रजीत सांगितलं. ते ओट्यावर बसले.

नावेने पलीकडे रामनगरला गेलो. नावाड्याने मध्येच हुक्का पेटवायला वल्ही सोडली आणि आम्ही प्रवाहाबरोबर खाली गेलो. एरवी कॅप्टनसाहेबांनी त्याला लष्करी कोर्टापुढे उभं केलं असतं, आज घड्याळसुद्धा काढलं नाही. सदाशिवकाकांनी जन्मभर काशीनरेशांच्या किल्ल्यातले घोडे सांभाळले होते. ते अंगणात बाजेवर उन्हाला बसले होते. डोक्याला मुंडासं, कपाळाला गंध, आणि नाक थेट कॅप्टनसाहेबांचं.

गोविंदभटांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "काका, आईंच्या पत्राचा जवाब आला आहे. तुमच्या चुलत्याचा नातू आला आहे."

म्हाताऱ्याने कॅप्टनसाहेबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "फार देर केलीत," ते म्हणाले. "आई गेली. जो फिरंगी घाटावर दिसेल त्याला पुसायची, आमचं पत्र आणलं का म्हणून. लोक हसायचे. मला शरम वाटायची, मी तिला ओढून घरी आणायचो." मग हात कानामागे धरून म्हणाले, "सांगा. जोरात सांगा."

कॅप्टनसाहेब ताठ उभे राहिले. कवाईतीच्या मैदानावर द्यावा तसा आवाज त्यांनी दिला, "लेओपोल्ड!" शेजारची कबुतरं उडाली. "ख्रिस्टियान!" दारोदारची माणसं बाहेर आली. सवयीने ते पुढे तिसरं, चौथं, पाचवंही नाव सांगू लागले, तेव्हा काकांनी हात वर केला.

"बस, बस. दोनच हवी होती."

दुसऱ्या दिवशी बालाजी घाटावर काकांनी तीर्थश्राद्ध केलं. गोविंदभटांना नावं उच्चारता येईनात. कॅप्टनसाहेब पायरीवर उभे राहून त्यांना नव्या रंगरुटासारखे पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होते. "साहेब, घबरू नका, पितरांना समजेल," असं भटजी शेवटी वैतागून म्हणाले, ते मी भाषांतर करून सांगितलं नाही. काकांनी पिंड ठेवले. मग चौथा पिंड कोणाचा, असं भटजींनी विचारलं, तेव्हा ते आईचं नाव घेऊन म्हणाले, "तिला सांगतो, कळली म्हणून."

परतीच्या प्रवासात कॅप्टनसाहेब एकाही स्टेशनावर माझ्या खिडकीशी आले नाहीत. मला ते खटकू लागलं, आणि त्याचाही मला राग आला. कल्याणला आमच्या वाटा फुटत होत्या. ते मुंबईला बोटीसाठी, मी पुण्याला. निरोप घ्यायला गेलो तर ते फलाटावर पेटीशेजारी उभे होते. मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला आणि सोडला नाही.

"आमच्या घरी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर होतं ते," ते म्हणाले. "माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर. लहानपणापासून मी त्याच्याकडे बघत जेवलो, मास्टर."

मला त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं. दहा दिवस मी या माणसावर नुसता चिडत होतो आणि दुसरं काही बोलायची सवयच राहिली नव्हती. मुंबईच्या गाडीची शिट्टी झाली. पेटीचं एक टोक त्यांनी उचललं, दुसरं मी उचललं.