चिंतामणींचं ‘तथापि’

गिरगावातल्या चिंतामणी लेल्यांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा ते दाढी करत होते. उजवा हात व्यायामाने थोडाफार परतला. वाचा मात्र गेलीच. घरी आणल्यावर एका सकाळी त्यांच्या तोंडून पहिला शब्द फुटला. “तथापि.”

देवाचं नाव यावं, गेला बाजार बायकोचं तरी यावं, अशी कालिंदीबाईंची अपेक्षा होती. पण चिंतामणींनी सरकारी कचेरीत जन्मभर पत्रांचे मसुदे केले होते. आपली विनंती सहानुभूतीने विचारात घेतली आहे, तथापि. इतकं लिहिलं की पुढचं वाचायची गरज नसे.

आता चहा हवा का विचारलं तरी तथापि, पंखा लावू का विचारलं तरी तथापि. शेजारचे रघुवीर सामंत भेटायला आले आणि लवकर बरे व्हाल म्हणाले. चिंतामणी म्हणाले, “तथापि.” सामंत त्यानंतर फारसे फिरकले नाहीत.

मुलगा राजस ठाण्याला राहायचा. त्याने परळची एक स्पीच थेरपिस्ट शोधली, प्रिती नावाची. हा शब्द आपोआप येतो, काकांना त्यातून काही म्हणायचं नसतं, असं तिने समजावलं. मग तिने त्या शब्दाला कामाला लावलं. “जिना अवघड आहे,” असं म्हणून ती थांबायची. चिंतामणींनी तथापि म्हटलं की “चढता येतो” असं ती पुरं करायची. सुरुवातीला ते तिचं बोलणं संपायच्या आतच तथापि घालत. हळूहळू आपली जागा येईपर्यंत थांबू लागले. माणसाला पाणी मागता येत नाही आणि ही व्याकरण शिकवतेय, म्हणून कालिंदीबाई धुसफुसत. प्रिती म्हणाली, शब्द जागेवर बसला की त्याच्यामागे दुसरा येईल.

एका रविवारी राजसने मदतीला बाई ठेवायचा विषय काढला. कालिंदीबाईंनी तो उडवून लावला. सगळं वेळेवर होतं, यांची आंघोळही होते, आपल्याला झोप छान लागते, काही त्रास नाही, असं त्या सांगत होत्या. चिंतामणींनी डाव्या हातातला चमचा खाली ठेवला.

“तथापि,” ते म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. त्यांनी पुन्हा तथापि म्हटलं आणि ओठ तसेच हलत राहिले. राजस बोलायचा थांबला.

“रडते,” चिंतामणी म्हणाले.

कालिंदीबाई काहीतरीच म्हणून उठल्या आणि मोरीत जाऊन धुतलेली पळी पुन्हा घासत राहिल्या. बराच वेळ नळ चालू होता. राजसने वडिलांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि उरलेले पोहे खाल्ले.

प्रितीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, वाक्य अगदी बरोबर आहे. पुढे पाणी आलं, नको आलं, कालिंदी आलं आणि धडधाकट असताना कधी न दिलेल्या दोन शिव्याही आल्या.

आता लालबागहून मदतीला सुगंधा येते. कालिंदीबाई दुपारी माटुंग्याला बहिणीकडे जातात आणि तिथे चक्क झोपतात. सुगंधा सतत बोलत असते. चिंतामणींना मध्ये बोलायला जागाच मिळत नाही, आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही.