दोनदा सांगितलं, चारदा लावलं

“आलोच,” म्हणायचे आणि मामा नाहीसे व्हायचे. कुणी हाक मारलेली नसायची, कुठे पोचायचं नसायचं. अर्धा चहा टेबलावर आणि मामा गोदामाच्या दुसऱ्या टोकाला. पाय न ठरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण मामांचं बोलणंसुद्धा चालता चालताच व्हायचं आणि ऐकणाऱ्याने मागून पळायचं.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी स्टोअर सांभाळते. मामा साइटवर फोरमन; सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. गुहागरकडचे, गोरे, घाऱ्या डोळ्यांचे. अठ्ठावीस वर्षं इथल्या उन्हात उभे राहून चेहरा विटेच्या रंगाचा झालेला. टोपी घाला म्हटलं तर म्हणायचे, “टोपीनं डोकं तापतं, ताई.”

कपाळावर आणि नाकावर त्यांना खरखरीत चट्टे आले होते. दाढी करताना खपली निघायची, रक्त यायचं, पुन्हा खपली धरायची. सहा महिने त्यांनी खोबरेल चोळलं. शेवटी मीच त्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. एकटे गेले असते तर नंबर यायच्या आधीच परत आले असते.

डॉक्टर मॅडमनी तपासून हिंदीत नीट समजावलं. हा अजून कॅन्सर नाही, पण सोडून दिलं तर होऊ शकतो. मलम दिवसातून दोनदा, चार आठवडे, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. डोळ्यांजवळ नको. चेहरा आधी बिघडेल, मग सुधारेल. उन्हात जायचं नाही.

बाहेर आल्यावर मामांनी एवढंच विचारलं, “मधे ती केमो म्हणाली का?”

“लावायची केमो, मामा. कातडीवरच काम करते.”

“केमो ती केमो. माझ्या घरी कळता कामा नये.”

कंपनीने त्यांना तेवढ्यापुरतं माझ्या स्टोअरमध्ये बसवलं. बसवलं म्हणजे कागदावर. ते दिवसभर दोन रॅकांमधून येरझाऱ्या घालत. कंटाळून एकदा त्यांनी पाइपांचे सगळे जोड स्वतःच्या डोक्याने लावून ठेवले. पुढे महिनाभर आम्हाला एक जोड धड सापडला नाही. दर तासाला ते आरशात बघून येत. “काहीच होत नाही, ताई. हे औषध नव्हे, लोणी आहे.”

दुसऱ्या आठवड्यात चेहरा पेटला. कपाळ सोललेल्यासारखं लाल, नाकावर जाड खपल्या, त्यातून पाणी झिरपत होतं आणि एक डोळा सुजून मिटलेला. पाणी लागलं तरी आग व्हायची. कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत सोबत्यांनी त्यांचं ताट वेगळं केलं. हे पसरणारं नाही, असं मी फोनवर सांगून पाहिलं. पण मलाच धीर नव्हता. डॉक्टरकडे मी नेलं होतं, लावा म्हणून मी मागे लागले होते.

डॉक्टर मॅडमनी ट्यूब हातात घेतली. ती जवळजवळ चपटी झाली होती.

“दिवसातून किती वेळा लावता?”

मामांनी भिंतीकडे बघितलं. “चार.”

“का?”

“निम्म्या दिवसांत आटपेल म्हटलं.”

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. मॅडम हसल्या नाहीत. दहा दिवस मलम बंद, मग पुन्हा दोनदाच, असं त्यांनी सांगितलं. मामांचा चेहराच पडला. दहा दिवस वाया जाणार, हे त्यांना आगीपेक्षा जास्त लागलं होतं.

त्या दिवसांत ते घरी नुसताच आवाजी फोन करत. कॅमेरा बिघडलाय, अशी थाप मारलेली. एक दिवस माझाच फोन वाजला. मामी होत्या, नंबर कुठून मिळवला कोण जाणे.

“ताई, खरं सांगा. तोंड का दाखवत नाहीत हे?”

मी फोन व्हिडिओवर टाकून मामांकडे नेला. ते पाठ फिरवून दोन रॅक पलीकडे गेले. मी हात पुढे करून तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने आले आणि त्यांनी फोन घेतला.

मामींनी फोन अगदी डोळ्यांजवळ नेला. “दुखतं?”

“नाही.”

“अहो, खोटं नका बोलू.”

“आग होते.” मग खाली बघून म्हणाले, “केमोचं मलम आहे. कॅन्सर नाही. होऊ नये म्हणून आहे.”

पलीकडचं चित्र हललं. मामींनी बहुधा डोळे पुसले असावेत. “मला वाटलं, तिकडे दुसरा संसार मांडलात,” त्या म्हणाल्या. “त्यापरीस हे बरं. आता माझ्यासमोर लावायचं. किती घेता ते मी बघणार.”

मलम पुन्हा सुरू झाल्यापासून रोज सकाळी माझ्या स्टोअरमध्ये खोक्यांना टेकवून फोन उभा राहायचा. मामा बोट कॅमेऱ्यासमोर धरायचे. “जास्त आहे, पुसा,” असा हुकूम यायचा आणि साठ माणसांना कामाला लावणारा फोरमन बोट पुसायचा. लावून झाल्यावर हात धुतल्याचंही दाखवावं लागे.

मलम संपलं, हळूहळू खपल्या गळल्या. खाली गुलाबी, कोवळी कातडी होती. डॉक्टर मॅडमनी बोट फिरवून सगळं गुळगुळीत असल्याची खात्री केली, पण साइटला कायमची मनाई केली. कंपनीने स्टोअरची नोकरी देऊ केली. मामांनी ती कशीबशी महिनाभर केली आणि राजीनामा दिला. “ताई, त्या चट्ट्यांनी नाही, पण तुमच्या रॅकांनी मी मेलो असतो.”

त्यांना गावी परत जाऊन आता आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात त्यांच्या नंबरवरून एक फोटो आला. जवळून काढलेला कान आणि त्याच्या कडेला एक खरखरीत ठिपका. खाली अक्षर नाही. मी लगेच फोन केला. मामींनी उचलला.

“मीच पाठवला. सोमवारची डॉक्टरची वेळ घेतलीय. ओढत नेईन.”

“आता कुठे आहेत?”

“मागे, आंब्याच्या कलमांत. बारा वाजले तरी उन्हातच.”

त्यांनी फोन मागच्या दाराशी नेला. लांबून कोयत्याचा आवाज येत होता. तो थांबेल म्हणून आम्ही दोघी ऐकत राहिलो.